उतरती रेघ

बाबा गेल्याला सहा दिवस झाले होते. त्या सकाळी तिने भिंतीवरचा आलेख ओढून फाडला आणि काकाने तिच्या कानाखाली वाजवली.

एके काळी ह्या हाताची खाल्लेली माणसं दोन-दोन दिवस एकाच दाढेने जेवायची. आता काकाला आधी खांद्याला झोका द्यावा लागला, मग हात मागून ओढत आणल्यासारखा वर आला आणि तिच्या गालावर ओल्या फडक्यासारखा पडला. तिला दुखलं नाही. म्हणूनच तिचे डोळे भरून आले.

"चौदा वर्षं जपला होता थोरल्यानं तो कागद," काका म्हणाला. एवढ्या एका चापटीने त्याला धाप लागली होती. "कुणाला विचारून हात लावलास?"

"मीच काढला होता."

"काढलास तू, पण त्याच्यावर जगला तुझा बाप!"

"जगला? मेला त्याच्यावर, काका!"

काकाने दुसरा हात उगारला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. मग त्याने टेबलावरचा पाण्याचा जग ढकलून दिला. त्यालाही भिंतीपर्यंत जाण्याइतका जोर मिळाला नाही, तो तिच्या पायाशी येऊन फुटला. काकू ओले हात घेऊन आतून धावत आली.

"झालं सुरू! एक गेला, दुसरा खुर्चीला टेकलाय, तरी मारामारीची हौस फिटत नाही मेल्यांची. आणि तू गं? काचेवरून अनवाणी काय चालतेस? सरक तिकडे."

त्या घराची रीतच तशी होती. राग आला की आधी हात उठायचा, शब्द मागाहून यायचे, आणि बऱ्याचदा यायचेच नाहीत. तिची आई ह्याच कारणाने घर सोडून गेली होती. तेव्हापासून तिला वाढवली ती काकूने. थोरला म्हणजे तिचे बाबा, धाकटा म्हणजे काका. दोघांचं जुन्या गाड्या तोडायचं आवार होतं. दिवसभर घण, छिन्नी आणि गॅसचा कटर. दोघांच्या पोटऱ्या बघून गिऱ्हाईक भाव करायला कचरायचं, इतक्या त्या जाड. त्या जाडीत ताकद नव्हती. आतले स्नायू मरून त्यांच्या जागी चरबी भरत चालली होती. हे कळलं तेव्हा बाबा चाळिशीत होते आणि जिना चढताना कठडा धरू लागले होते. रक्तातून आलेला आजार. आजीने दोन्ही मुलांना दिला, स्वतःला काही झालं नाही.

तेव्हाच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. ह्यावर औषध नाही. आणि हृदय हाही स्नायूच आहे, तेव्हा दर वर्षी ते तपासायचं आणि त्याच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पहिली गोष्ट बाबांच्या डोक्यात गेली, दुसरी कानावरून गेली. औषध नाही म्हणजे काय? कुठल्याही मोडक्या गाडीतून काहीतरी चालतं निघतंच, असं मानणारा तो माणूस. तो गेला शाळेतल्या मित्राकडे. मित्र व्यायामशाळा चालवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरने डबे काढून दिले. ताकदीची पांढरी पावडर, प्रथिनांची पावडर, शिवाय हिरव्या, पिवळ्या, तपकिरी गोळ्यांच्या बाटल्या. वर्षभरात काकाही तेच घेऊ लागला.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. शाळेत नुकतेच आलेख शिकवले होते. दर सहा महिन्यांनी बाबांचं रक्त तपासलं जायचं. स्नायू फुटले की त्यांतलं एक द्रव्य रक्तात गळतं, त्याचा आकडा यायचा. पहिला आकडा पाच हजार दोनशे होता. निरोगी माणसाचा दोनशेच्या आत असतो. तिने चौकटीचा कागद घेतला, तळाशी महिने लिहिले, डाव्या बाजूला हजार-हजारांचे टप्पे. आकडा उतरत गेला. चार हजार आठशे. चार हजार शंभर. प्रत्येक वेळी बाबा चिठ्ठी घेऊन घरात शिरायचे, "कुठाय आमची नकाशेवाली?" अशी हाक मारायचे, आणि ती पट्टी लावून नवा ठिपका जुन्याला जोडायची. आज ती खरोखरच मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. रेघ ओढायची आवड तिला त्याच भिंतीपाशी लागली होती.

शेवटचा आकडा सहाशे दहा होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी आवारात, गाडीच्या सीटची बनवलेली त्यांची खुर्ची सोडून बाबा उठले आणि समोरच्या इंजिनावर तोंडघशी पडले. कपाळ भुवईपासून केसांपर्यंत फाटलं. सगळे रक्तच थांबवत बसले. काकाने अंगातला शर्ट काढून जखमेवर दाबून धरला, कटरवाल्याने गाडी काढली, तिने वाटेत शंभरदा "बाबा, डोळे उघडा" म्हटलं. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरणीने जखमेकडे नीट पाहिलंही नाही. ते पडून गेलेले नाहीत, ती म्हणाली. आधी गेले, मग पडले. हृदय फुगून सैल पिशवीसारखं झालं होतं.

"पण त्यांचा आजार तर उतरत होता!" ती डॉक्टरणीवर खेकसली होती. मोबाइलवरचा आलेखाचा फोटो तिने तिच्या नाकासमोर धरला.

डॉक्टरणीने तो बराच वेळ पाहिला. मग शेजारच्या बाकावर बसली, आणि तिलाही बसायला लावलं.

"हा आकडा गळतीचा आहे," ती म्हणाली. "आजार थांबला म्हणून नाही उतरला तो. गळायला स्नायूच उरले नाहीत, म्हणून उतरला."

"आणि डबे? चौदा वर्षं घेतले त्यांनी."

"पावडरीनं काहींना थोडा जोर येतो. तुमच्या वडिलांनाही आला असेल, तो काही भास नव्हता. पण त्यानं झीज थांबते असं दिसलेलं नाही. आणि इतकी वर्षं घेऊन काय होतं, खरं सांगू? फारसं कुणी तपासलेलंच नाही. हृदयाच्या गोळ्या कोणत्या चालू होत्या?"

त्या बंद होऊन दहा वर्षं झाली होती.

हे सगळं पोटात ठेवून तिने सहा दिवस काढले. त्या सहा दिवसांत ती काकाकडे बघत होती. काका आता तीन उशा लावून बसूनच झोपायचा. त्याच्या पायांवर मोज्यांचे वळ संध्याकाळपर्यंत खोल जायचे. जेवता जेवता थांबून तो श्वास घ्यायचा आणि काकू "हळू जेवा, कुणी पळवत नाहीये" म्हणायची. त्याचा स्वतःचा आकडा चारशेवर आला होता, त्याचा त्याला कोण अभिमान! सहाव्या दिवशी सकाळी त्याने डब्यातली पावडर पाण्यात घोटली, भिंतीवरच्या रेघेकडे पेला उंचावला आणि म्हणाला, "थोरल्या, तुझ्याही खाली गेलो बघ मी." तेव्हा तिने कागद फाडला होता.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग आवारात गेली. ठोकळ्यांवर एक गाडी चढवून ठेवलेली होती. तोडण्याआधी गाडीतलं तेल काढून घेतात. तळाशी पत्र्याचा ट्रे होता आणि त्यात शेवटचे थेंब पडत होते. पलीकडे कटरवाला एका गाडीचं छत कापत होता, ठिणग्या उडत होत्या.

"काका, हे तेल पडायचं कधी थांबतं?"

"संपलं की."

"गाडी बरी झाली म्हणून नाही थांबत?"

"सकाळी सकाळी चढवून आलीस का काय?"

"तुझा चारशेचा आकडा म्हणजे हा ट्रे आहे, काका. गळायचं थांबलंय, कारण आत काही राहिलं नाही. बाबांचं तेच झालं. डॉक्टरीण म्हणाली."

काका हसायला गेला. मग त्याची नजर ट्रेकडे गेली आणि तिथेच अडकली. तीस वर्षं तो असे ट्रे उपसत आला होता. गळती थांबली म्हणून इंजिन चांगलं आहे, असं कुणी गिऱ्हाईक म्हणालं असतं तर त्याने त्याला आवाराबाहेर हाकललं असतं. त्याने दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरली, कापडाचा पोत बघावा तशी.

"म्हणजे हे गेलं ते..."

"गेलं ते गेलं. पण हृदय अजून बघता येईल. आज चल माझ्याबरोबर. आत्ता चल."

त्याने ते ऐकलंच नाही. "मास्तरला माहीत होतं?"

तिला माहीत नव्हतं. तेवढंच सांगायचं होतं. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याचा काकाने हवा तो अर्थ घेतला. त्याने गाडीच्या टपावरचा चाकाचा पाना ओढून घेतला. हातभर लांब, टोकाला वाकवलेला.

"पिकअप काढ."

"काका..."

"काढतेस का चालत जाऊ? चालत गेलो तर वाटेत मरेन, मग बस रडत."

तिने त्याचे पाय एकेक करून उचलून आत ठेवले. चौकात उजवीकडे वळलं की हॉस्पिटल होतं. घरून निघतानाच तिने ठरवलं होतं की काही झालं तरी आज ह्याला तिथे न्यायचंच, मग तो शिव्या घालो नाहीतर पाना. चौक आला. तिने गाडी सरळ घेतली. मास्तरच्या तोंडावर रक्त आलेलं तिलाही बघायचं होतं.

व्यायामशाळेत दुपारच्या आधीचा शुकशुकाट होता. काळ्या रबराची जमीन, भिंतभर आरसे, आणि दाराशीच डब्यांनी भरलेलं काचेचं कपाट. मास्तर काउंटरमागे वजनं पुसत होता. मान खांद्यांइतकी रुंद, चेहरा मात्र भाबडा.

"ये धाकट्या! अरे, निरोप धाडला असतास तर मीच आलो असतो. थोरल्याचं ऐकल्यापासून घास जात नाही बघ."

काकाची नजर डब्यांच्या कपाटावर होती. तिचंही लक्ष दुसरीकडे गेलं होतं. काउंटरमागच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, तिचा आलेख होता. झेरॉक्स काढून मोठा केलेला. खाली तेरा वर्षांच्या मुलीचं गोल गोल अक्षर: बाबांची तब्येत सुधारते आहे. अक्षरांपासून रेघेपर्यंत एक बाण. कोपऱ्यात पाच पाकळ्यांचं फूल.

"हे इथे कसं?" तिने विचारलं.

"थोरल्यानंच दिलं. नवं गिऱ्हाईक आलं की मी हे दाखवतो. 'हृदयवाल्याकडं जाणं बंद केलं, पोरगीच म्हणाली आता कशाला,' असं इथं उभं राहून सांगायचा. काय कौतुक होतं तुझं त्याला!"

ती सतरा वर्षांची असतानाची गोष्ट. बाबा दाराशी चपला घालून उभे होते. "ह्या वर्षी जाऊ का गं त्या हृदयवाल्याकडे? त्या गोळ्यांनी गरगरतं मला." तिने पुस्तकातून मान वर न करता म्हटलं होतं, "कशाला बाबा? रेघ उतरतेय की." बाबांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

कपाट फुटल्याच्या आवाजाने ती भानावर आली. काकाने पाना फिरवला नव्हता, नुसता उंच धरून अंगासकट कपाटावर पडला होता. काचा, डबे, झाकणं, सगळं खाली आलं. पांढरी पावडर कमरेपर्यंत उडाली.

"धाकट्या, शुद्धीवर ये!" मास्तर काउंटरबाहेर आला. "ठेव ते खाली. मी आजारी माणसावर हात नाही टाकत."

"आजारी कोण रे, हरामखोर?"

पाना मास्तरच्या कानावर बसला. फार जोराने नाही, पण लोखंड ते लोखंडच. कान वरच्या बाजूने फाटला आणि मानेवरून रक्ताची धार लागली. मास्तर गुडघ्यावर आला. पावडरीत तांबडे गोळे झाले. हेच बघायला ती आली होती. बघून तिला काहीच वाटलं नाही.

"मला काय कळतं रक्तातलं?" मास्तर कान धरून ओरडत होता. "पहिल्या वर्षी हातात जोर आला होता की नाही? बोल! मी स्वतः खातो, माझ्या भावाला देतो! आकडा उतरला म्हणून नाचत कोण आलं? तुम्ही! कागद कुणी काढला? हिनं!"

"तिचं नाव घेऊ नकोस," काका म्हणाला, आणि दोन्ही हातांनी पाना धरून डोक्यावर न्यायला लागला.

तो डोक्यावर गेला असता तर मास्तरची कवटी वाचली नसती. पण तिला मास्तर दिसेनासा झाला होता. तिला काकाचे ओठ दिसत होते, जांभळे. आणि मानेतली शीर, जाळीत सापडलेल्या पाखरासारखी फडफडणारी.

"काका, सोड! काका!"

त्याला ऐकू येत नव्हतं. ह्या आजाराची माणसं कशी पडतात ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मांडी उभी ठेवणारी ताकद आधी जाते. गुडघा मागे लॉक करून ती उभी राहतात, आणि तो गुडघा कुणी चुकून जरी हलवला तरी सगळं घर कोसळतं. त्या घरात कुणी कधी थोरल्याच्या किंवा धाकट्याच्या मागून चालायचं नाही, हा नियम होता. ती मागे गेली आणि तिने काकाच्या गुडघ्याच्या खोबणीत सगळा जोर लावून लाथ घातली.

तो उभाच्या उभा खाली आला. पाना सुटून आरशावर गेला, आरसा छतापासून जमिनीपर्यंत तडकला. काकाने हात पुढे टाकला होता. मनगट मोडल्याचं तिने ऐकलं. तो उठायला धडपडू लागला तशी ती त्याच्या पाठीवर आडवी पडली. त्याने कोपर मारलं, तिचा ओठ फुटला.

"उतर! कार्टे, उतर अंगावरून!"

"नाही उतरत."

"बापाला मारलंस, आता मला मारतेस?"

"हो. पड गप."

पातळ झालेल्या त्या पाठीतून तिला त्याचं हृदय लागत होतं. एक ठोका, मग काहीच नाही, मग तीन एकदम. ती मोजत राहिली. शेजारी मास्तर एका हाताने कान धरून दुसऱ्या हाताने ॲम्ब्युलन्सला फोन करत होता. पत्ता सांगताना रडत होता.

हॉस्पिटलात तीच डॉक्टरीण होती. तिने तिचा ओठ पाहिला, काकाचं मनगट पाहिलं.

"कसं पडलात?"

"पुतणीनं पाडलं."

"पोलिसांना कळवायचं आहे का?"

"कशाला? घरातलंच आहे."

मनगटाला प्लास्टर घातलं जात असतानाच छातीला वायरी लागल्या, मग दुसऱ्या खोलीत हृदयाची तपासणी झाली. ते एक चतुर्थांश जोरावर चाललं होतं. ठोका सावरायला छातीत यंत्र बसवावं लागेल, डॉक्टरीण म्हणाली, पण गोळ्या आत्तापासून. वेळ आहे. बाबांच्या वेळी हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. बाहेर जाऊन तिने भिंतीला कपाळ टेकलं.

ती परत आली तेव्हा काकू पोचली होती. हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन खाटेपाशी उभी होती. काकाने दात घट्ट मिटले होते.

"काय झालं?"

"घेत नाहीत. मघापासून विनवतेय. लहान पोर बरं."

"काका?"

तो छताकडे बघत होता. "मास्तरला उगाच मारला ना मी?"

"हो. हृदयवाल्याकडे कशाला जायचं, असं बाबांना मीच म्हणाले होते. मारायचं तर मला मारायचं."

"तुला तर कालच मारली होती." तो थांबला. श्वास घेतला. "हे बघ, मला कळतंय सगळं. मी काही ठार वेडा नाही. पण ही गोळी घेतली म्हणजे काय होतं सांगू? थोरला चौदा वर्षं मूर्ख होता, असं मी कबूल केलं असं होतं. त्याच्या माघारी. तो उलटून एक शिवीही देऊ शकत नाही मला. नाही घेणार मी."

तिने काकूच्या हातातून गोळी घेतली, डाव्या हाताच्या चिमटीत काकाचं नाक धरलं आणि दाबलं. त्याने डोळे वटारले. प्लास्टरचा हात पलंगाच्या कडेवर आपटला. दहा मोजेपर्यंत तो तग धरून होता, मग तोंड उघडलं आणि तिने गोळी बोटासकट जिभेच्या मुळाशी नेली.

काका कडकडून चावला. जबड्याला ह्या आजाराने अजून हात लावला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिने बोट काढलं नाही. दोघंही एकमेकांकडे बघत तसेच राहिले. मग त्याच्या घशातली गाठ वर गेली आणि खाली आली.

तिने बोट बाहेर काढलं. दातांच्या दोन अर्धगोल खुणा, आणि त्यांत रक्त भरत होतं. काकाने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

काकूने पदराने आधी त्याचं तोंड पुसलं, मग तिचं बोट.

"दुसरी गोळी रात्री आठला आहे," ती म्हणाली. "ह्या बोटाला पट्टी बांध, आणि तेव्हा दुसरं वापर."